जुनी गठ्ठेगाडी घेण्यापूर्वी

दसरा झाला की मोखाडा-जव्हारच्या माळावरचे गवत पिवळे पडू लागते. ते कापायचे, पेंढ्या बांधायच्या आणि भारे डोक्यावरून सडकेपर्यंत आणायचे, हे काम आपल्या भागास नवीन नाही. गेल्या हंगामात खोडाळ्याकडील चार तरुण आमच्याकडे बँकेत आले. शेतात पडलेले गवताचे गठ्ठे आपोआप उचलणारे एक परदेशी यंत्र त्यांनी मोबाईलवर पाहिले होते. "साहेब, जुने स्वस्तात मिळाले तर घ्यावे काय? बँक कर्ज देईल काय?" असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना आम्ही जे सांगितले तेच सभासद बंधुभगिनी व विद्यार्थी मित्रांसाठी येथे मांडत आहोत.

प्रथम हे यंत्र काय आहे ते पाहू. बेलर नावाचे यंत्र वाळलेले गवत दाबून, सुतळीने बांधून त्याचे चौकोनी गठ्ठे करते. ते गठ्ठे गोळा करणारी गाडी म्हणजे बेल वॅगन. अमेरिकेत न्यू हॉलंड कंपनीने अशा गाड्या अनेक वर्षे बनविल्या. गाडी चालता चालता गठ्ठा उचलून पहिल्या फळीवर घेते. तेथे दोन-तीन गठ्ठे जमले की फळी उलटून ते दुसऱ्या फळीवर जातात. ती भरली की पूर्ण थर मागच्या सांगाड्यावर उभा राहतो. शेवटी सांगाडा मागे उभा केला की तयार गंजीच जमिनीवर उतरते. लहानमोठ्या गाडीप्रमाणे पन्नास-साठपासून दीडशेपर्यंत गठ्ठे एका खेपेत येतात.

परंतु ही सारी करामत लांबरुंद, सपाट शेतासाठी आहे. आपल्याकडे खाचरे लहान, बांध उंच आणि माळ उताराचे. उंच भरलेली गाडी उतारावर कलंडण्याची भीती मोठी. शिवाय बिघाड झाल्यास सुटे भाग जवळपास मिळणे कठीण. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, आपल्या भागात ही गाडी घेऊ नये. रस्त्यालगत सपाट जागा असेल तेथे जुना लहान बेलर व साधी ट्रॉली पुरेशी आहे. गठ्ठे माणसांनीच भरावेत.

जुना बेलर घेताना तो रंग पाहून घेऊ नये. ट्रॅक्टरला जोडून, प्रत्यक्ष गवत घालून निदान वीस-पंचवीस गठ्ठे बांधून पाहावेत. गाठ मारणारा भाग म्हणजे नॉटर, हा बेलरचा जीव. गाठी सुटत असतील तर सौदा थांबवावा. गवत उचलणारे दाते, दट्ट्या व त्याचे पाते, साखळ्या, बेअरिंग आणि सांगाड्यावरील वेल्डिंगचे जोड तपासावेत. यंत्र फिरत असताना अडकलेले गवत हाताने कधीही काढू नये. आधी ट्रॅक्टर बंद करावा. ओलसर गवत बांधू नये. तसा गठ्ठा आतून तापतो, बुरसतो, प्रसंगी पेटतोही.

आता कागदपत्रांविषयी. बेलरचे मूळ बिल विक्रेत्याकडून मागून घ्यावे. ट्रॅक्टर-ट्रॉलीही जुनी घेत असाल तर नोंदणी पुस्तकावर बँकेचे नजरगहाण आहे का ते पाहावे. असल्यास बँकेचा ना हरकत दाखला व फॉर्म ३५ घेऊन ते उतरवावे आणि मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० भरावेत. आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी हे न करता पैसे मोजले. पुढे पहिल्या मालकाचे थकलेले हप्ते त्यांच्या दारी आले.

हिशोबही मांडावा. समजा, बेलर तीन लाखांस घेतला व पाच वर्षे चालला. म्हणजे वर्षाला साठ हजार. वर्षाकाठी सहा हजार गठ्ठे बांधले तर गठ्ठ्यामागे दहा रुपये पडतील. दोनच हजार बांधले तर तीस. डिझेल, सुतळी, दुरुस्ती व व्याज वेगळे. म्हणून पुरेसे गवत आणि गिऱ्हाईक आधी, यंत्र नंतर.

गवत हा आपल्या भागात केवळ चाऱ्याचा विषय नाही. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागातील वारली बांधवांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली, पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागितली. त्या लढ्यात तलवाड्यास गोळीबार होऊन माणसे प्राणास मुकली. ज्या मजुरीसाठी एवढे मोल दिले गेले ती एका यंत्रमालकाच्या खिशात जाऊ नये. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना गावात चार दिवस अधिक काम मिळत असेल तरच यंत्र आपले. म्हणून ते एकट्याने न घेता गटाने घ्यावे, कापणी व भरणीची मजुरी आधी ठरवावी, आणि राबासाठी व घरच्या गुरांसाठी लागणारे गवत बाजूस ठेवूनच उरलेले विकावे.

ते चार तरुण गठ्ठेगाडीचा नाद सोडून परत गेले. जाताना मात्र त्यांनी हिशोबाचा कागद मागून घेतला. आम्हांस त्याचेच अधिक समाधान वाटले.