मांडीमागची ‘शीर’ आणि शस्त्रक्रिया

खो-खो हा आमच्या धाराशिव जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा खेळ. येथील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. त्यांचे नाव ऐकतच आम्ही मुली मैदानात उतरलो. परंतु या खेळातील एका दुखण्याविषयी आपण फारसे बोलत नाही. चौकोनात बसलेली खेळाडू ‘खो’ मिळताच झेपावते आणि मांडीच्या मागे एकदम चमक निघते. ‘शीर ताणली,’ असे आपण म्हणतो. माझ्या एकाच पायाची ‘शीर’ दीड वर्षात तीनदा ताणली. प्रत्येक वेळी तेलाचे मालीश केले आणि दुखणे थांबताच पुन्हा पळाले.

वास्तविक ती शीर नव्हेच. मांडीच्या मागे तीन स्नायू असतात. त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. हे स्नायू वर बैठकीच्या हाडाला आणि खाली गुडघ्याखालच्या हाडांना चिवट पट्ट्यांनी जोडलेले असतात. या पट्ट्या म्हणजे कंडरा. स्नायू हा बैल मानला, तर कंडरा म्हणजे त्याला औताशी जोडणारा दोर. बैल विश्रांतीने सावरतो; दोरच तुटला तर विश्रांती काय करणार?

म्हणूनच स्नायूचे तंतू फाटले तर बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. कंडरा हाडापासून उखडली, किंवा स्नायूच्या आत शिरलेली कंडरा पुन:पुन्हा फाटू लागली, तर मात्र तिचा विचार होतो. उखडलेली कंडरा ओढून, हाडात दोरे असलेले बारीक खिळे बसवून पुन्हा बांधतात. आतली फाटली असेल तर व्रणाचा निकामी भाग काढून टोके शिवतात. पायाची मोठी नस जवळूनच जात असल्याने काम नाजूक असते. फार उशीर झाला तर कंडरा आखडते, नसेला चिकटते आणि काम अधिक अवघड होते. त्यानंतर काही आठवडे कुबड्या व कित्येक महिने व्यायाम. इंग्लंडचा क्रिकेट कर्णधार बेन स्टोक्स याच्या डाव्या मांडीला ऑगस्ट २०२४ मध्ये ही दुखापत झाली, डिसेंबरात पुन्हा झाली. जानेवारी २०२५ मध्ये शस्त्रक्रिया करून तो मे महिन्यात कसोटीत परतला.

माझ्यासाठी वडिलांनी शेळ्या विकायची तयारी केली होती. सोलापूरला एमआरआय तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, “कंडरा शाबूत आहे. शस्त्रक्रिया नको, धीर हवा.” त्यांनी एक व्यायाम शिकवला. गुडघ्यांवर उभे राहायचे, मैत्रिणीने घोटे दाबून धरायचे आणि आपण अंग सावकाश पुढे झुकवायचे. फुटबॉलपटूंमध्ये या व्यायामाने ही दुखापत सुमारे निम्म्याने घटल्याचे आढळले आहे.

शेळ्या दावणीलाच राहिल्या. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकून घरी नेलेली ही माझी पहिली गोष्ट. मैत्रिणींनो, दुखणे थांबले म्हणजे जखम भरली असे नव्हे. दुसऱ्यांदा चमक निघाली, तर मालीशवालीकडे जाण्याआधी दवाखान्याची पायरी चढा.