भरवशाचा मिस्त्री

आमच्या घरी दूध घालणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचं गाव तालुक्याच्या ठिकाणापासून अठरा किलोमीटरवर. पहाटे चारला उठायचं, धारा काढायच्या, मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना किटल्या अडकवायच्या आणि सूर्य वर येईतो चाळीसएक घरी दूध पोचवायचं, हा त्यांचा बारमाही नेम. दोन वर्षांमागे त्यांच्या गाडीतून निळसर धूर येऊ लागला. बसस्थानकाजवळच्या एका गॅरेजात त्यांनी गाडी नेली. तिथल्या माणसानं गाडी चालू केली, दोनदा मूठ पिळली आणि सांगून टाकलं, "इंजिन बसलं. बोअर करावं लागेल, पिस्टन-रिंगा नव्या. आठ हजार धरून चाला. गाडी चार दिवस राहील."

आठ हजारांपेक्षा त्यांना धसका बसला तो चार दिवसांचा. चार दिवस गाडी नाही म्हणजे चार दिवस दूध नाही. आणि चार दिवस दूध आलं नाही की गिऱ्हाईक पिशवीचं दूध लावतं, ते पुन्हा परत येत नाही. दोन महिन्यांचे पैसे आगाऊ मागायला ते माझ्याकडे आले. मी म्हटलं, "पैसे देतो, पण आधी आणखी एकाला दाखवू या."

जुन्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी विचारलं, "धूर कधी येतो? सकाळी पहिल्या किकेला, की चढ चढताना?" दूधवाले म्हणाले, "सकाळी एकदा भपकन येतो, मग नाहीसा होतो." मग मिस्त्रींनी प्लग काढला, त्या भोकाला दाब मोजायचं घड्याळ लावलं, दोनचार किका मारल्या आणि म्हणाले, "दाब चांगला आहे. रिंगा शाबूत आहेत. व्हॉल्वचे ऑइल सील गेलेत." हेड उतरवून सील बदलले, नवं गॅस्केट घातलं. बाराशे रुपयांत काम झालं आणि दुसऱ्या दिवशीचं दूध वेळेवर आलं.

श्रोतेहो, यात जादू काही नव्हती. इंजिनात पिस्टन वरखाली होतो. त्याच्या कडेच्या रिंगा झिजल्या, तर खालचं ऑइल वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. मग धूर सतत येतो, चढावर जास्त येतो आणि इंजिनाचा दाब उतरतो. उलट, वरच्या व्हॉल्वचं रबरी सील कडक झालं, तर रात्रभर थेंब थेंब ऑइल आत उतरतं आणि सकाळी एकदाच भपकारा निघतो. धूर दोन्हीकडे निळाच. मात्र एका रोगाला मोठी शस्त्रक्रिया लागते, दुसऱ्याला छोटी. एवढं ध्यानात ठेवावं की निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, आणि काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. ऑइल दुधासारखं पांढरट दिसलं, तर त्यात पाणी शिरलं आहे असं समजावं.

पहिला माणूस लबाडच होता, असं मी म्हणत नाही. कदाचित त्याला तो फरक ठाऊकच नसेल. पण आपल्या खिशाला दोन्ही सारखंच. म्हणून भरवशाचा मिस्त्री म्हणजे नुसता सज्जन माणूस नव्हे आणि नुसता हुशार माणूसही नव्हे. हात आणि नियत, दोन्ही हवीत.

आता असा माणूस ओळखणं इतकं अवघड का जातं? मी अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून त्या शास्त्रात याचं जे उत्तर मिळतं ते सांगतो. बाजारातल्या वस्तू तीन तऱ्हेच्या असतात. वांगं घेताना ते किडकं आहे की नाही, हे आपण पाहून ठरवतो. आंब्याचं तसं नाही. तो गोड की आंबट, ते खाल्ल्यावर कळतं. तिसरी तऱ्हा मात्र विचित्र आहे. तिथं वस्तू वापरल्यावरही ती खरोखर लागत होती की नाही, हे आपल्याला कळत नाही. डॉक्टरचं औषध आणि गाडीची दुरुस्ती या तऱ्हेत मोडतात. दूधवाल्यांनी आठ हजार मोजले असते तरी धूर थांबलाच असता, कारण इंजिन उतरवलं की सीलही बदलले जातात. ते समाधानानं घरी गेले असते आणि सात हजारांच्या आसपास वाया गेले, हे त्यांना जन्मात समजलं नसतं. डार्बी आणि कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 1973 साली नेमक्या याच गोष्टीवर लेख लिहिला. त्याआधी 1970 साली अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं होतं की, विकणाऱ्याला सगळं माहीत आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशी स्थिती असली की खोट्या मालापायी खरा माल बाजारातून उठतो. या विचाराबद्दल त्यांना 2001 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

याचा आपल्या दृष्टीनं अर्थ असा, की आपल्याला पारख नसली तर नुकसान आपलं तर होतंच, पण चांगल्या मिस्त्रीचंही होतं. सहा जण नवा भाग न घालता त्याचे पैसे लावत असतील, तर खरा भाग घालणारा सातवा महाग ठरतो आणि एक दिवस शेड बंद करून शहरात नोकरीला जातो. म्हणून ही पारख शिकून घेणं हे सगळ्या गावाचं काम आहे.

आता ती करायची कशी?

पहिली गोष्ट वेळेची. गाडी बंद पडल्यावर मिस्त्री शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी मग आपली गत होते. म्हणून गाडी ठणठणीत असतानाच ऑइल बदलणं, चेन ताणणं, केबल घालणं, असं एखादं किरकोळ काम द्यावं आणि तासभर तिथंच बसून राहावं. तासाभरात पुष्कळ दिसतं. उघडलेले नट-बोल्ट तो डबीत घालतो की मातीत टाकतो? नट सैल करायला योग्य मापाचा पाना घेतो, की छिन्नी-हातोडा? काढलेलं काळं ऑइल डब्यात साठवतो, की गटारात ओततो? काम झाल्यावर स्वतः एक फेरी मारून पाहतो का? गर्दीवर मात्र फार जाऊ नये. गर्दी कधी कधी नुसत्या मोक्याच्या जागेचीही असते.

दुसरी गोष्ट विचारपूस करण्याची. ज्यांचं पोट गाडीवर चालतं त्यांना विचारावं. दूधवाले, वृत्तपत्र टाकणारे, वडापच्या जीपवाले, भाजी बाजाराला नेणारे, हे लोक खराब मिस्त्रीकडे दुसऱ्यांदा जात नाहीत. त्यांना परवडतच नाही. पण "मिस्त्री चांगला आहे का?" असं मोघम विचारू नये, त्याला सगळे "हो" म्हणतात. विचारावं, "काम उलटलं तेव्हा त्यानं काय केलं?" चूक सगळ्यांच्या हातून होते. ती कबूल करून मजुरी न घेता पुन्हा काम करून देणारा कोण, हे कळलं की निम्मी पारख झाली.

तिसरी गोष्ट बोलण्याची. चांगला मिस्त्री वैद्यासारखा आधी प्रश्न विचारतो. खर्चाचा अंदाज आधी सांगतो. आपणही स्पष्ट सांगावं, की ठरल्यापेक्षा जादा काही निघालं तर आधी फोन करा, मी हो म्हटल्याशिवाय हात लावू नका. बदललेले जुने भाग परत मागावेत. ते आपल्याला कळोत न कळोत, मागणारं गिऱ्हाईक आहे एवढ्यानंच पुष्कळ फरक पडतो. नव्या भागाचं खोकं पाहावं. त्यावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे. टायर घेताना त्याच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात ते वाचावेत. 3223 असं असेल तर तो टायर 2023 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. वर्षानुवर्षं दुकानात पडलेला टायर नवा म्हणून घेऊ नये.

चौथी गोष्ट लिहिण्याची. एक शंभर पानी वही गाडीच्या नावानं घालावी. तारीख, किलोमीटरचा आकडा, काय काम केलं, कोणता भाग घातला, किती पैसे दिले, एवढंच लिहायचं आणि त्या वहीतच मिस्त्रीची सही घ्यायची. पक्कं बिल मिळालं तर उत्तमच, ते वहीत डकवावं. शिक्षकमित्रांना मी सुचवीन, की ही वही मुलांकडून लिहून घ्यावी. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर टिपायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर लागले ते पाहायचं. चाललेल्या किलोमीटरना त्या लिटरनी भागलं की गाडी किती देते ते निघतं. सरासरीचं गणित मुलांना यापेक्षा चांगलं कुठं शिकवणार? आणि हा आकडा घसरू लागला, की गाडी आजारी आहे हे धूर दिसण्याआधीच कळतं.

आता एक प्रश्न नेहमी येतो, की कंपनीच्या अधिकृत केंद्रात जावं की गावच्या मिस्त्रीकडे? गाडी हमीच्या मुदतीत असेल तर ठरलेल्या सर्व्हिसा अधिकृत केंद्रातच करून पावत्या जपाव्यात, म्हणजे हमी मागताना वाद होत नाही. मुदत संपल्यावर दोन्ही वाटा मोकळ्या. मात्र 1 एप्रिल 2020 पासून बी. एस. सहाचे नियम लागू झाले, तेव्हापासूनच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आणि सेन्सर आले. त्यातला बिघाड शोधायला यंत्र लावून पाहावं लागतं. नुसत्या कानानं भागत नाही. अशा वेळी "हे माझ्याकडचं काम नाही, अमक्याकडे न्या" असं जो सांगतो, त्याला कधी सोडू नये. आपली मर्यादा सांगणारा माणूस इतर कामांत खोटं बोलण्याचा संभव कमी.

इतकं करूनही फसवणूक झालीच तर? आधी शांतपणे जाऊन बोलावं. नाही ऐकलं तर लेखी द्यावं. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे; आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. त्याप्रमाणे पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवा आहे, आणि तिच्यातल्या उणिवेबद्दल आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. तिथं ती शंभर पानी वही साक्षीला उभी राहते.

एक गोष्ट मात्र आपण गिऱ्हाईक म्हणून पाहूनही न पाहिल्यासारखी करतो. गॅरेजात पाने पुसणारं दहा-बारा वर्षांचं पोर. चौदा वर्षांखालच्या मुलाला अशा कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे. "छोटू, चहा आण" म्हणताना ते मूल कोणत्या इयत्तेत असायला हवं होतं, एवढं तरी मनात यावं. हात शिकवायचाच असेल तर दहावीनंतर आय. टी. आय. मध्ये मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक असे अभ्यासक्रम आहेत. आणि हा धंदा हलका मुळीच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात 1888 साली बेळगावातल्या सायकलींच्या दुकानातूनच झाली.

बरं, आपली बाजूही सांगायला हवी. सुट्या भागांचे पैसे मुकाट देऊन मजुरीत मात्र घासाघीस करायची, उधारी तीन-तीन महिने ठेवायची, "आजचा दिवस भागेल असं करून द्या" म्हणायचं, आणि वर प्रामाणिकपणाची अपेक्षा धरायची, हे बरोबर नाही. हाताच्या कौशल्याचे पैसे आपण दिले नाहीत, तर ते तो दुसऱ्या वाटेनं काढील. आणि ती वाट आपणच त्याला दाखवलेली असेल.

गेल्या पावसाळ्यात आमचे दूधवाले त्याच मिस्त्रींकडे चेन बदलायला गेले होते. मिस्त्रींनी मागचा ब्रेक दाबून पाहिला. ब्रेकवरचा झीज दाखवणारा बाण शेवटच्या खुणेला टेकला होता. दूधवाले म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू. सध्या हात आखडता आहे." मिस्त्री म्हणाले, "पैसे पुढच्या महिन्यात द्या. पण लायनर आज घालणार. भरल्या किटल्या घेऊन तुम्ही तो घाट उतरता. या ब्रेकवर मी गाडी हातात देणार नाही." दूधवाल्यांना त्या वेळी राग आला होता, हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं. दुसऱ्या पहाटे घाटातल्या वळणावर एक म्हैस आडवी आली, गाडी जागच्या जागी थांबली आणि राग तिथंच संपला.

पैसे त्यांनी पुढच्या महिन्याच्या एक तारखेला नेऊन दिले. वहीत तशी नोंद आहे.