उसाचा शेअर आणि बाजारातला शेअर

बारामती तालुक्यातल्या माळेगाव-सोमेश्वरला किंवा इंदापूरच्या भवानीनगरला सहकारी साखर कारखान्याचा शेअर घराघरात असतो. सात-बाराच्या उताऱ्यासोबत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला.  मुंबई शेअर बाजारातल्या साखर कंपनीचा शेअर मात्र वेगळ्या जातीचा.

सहकारी कारखान्यात शेअर एक असो वा दहा, मत एकच. लाभांशालाही कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा. हा शेअर बाजारात विकला जात नाही, म्हणून त्याचा भाव रोज हलत नाही. सभासदाची खरी कमाई उसाच्या दरात असते.

बाजारातल्या कंपनीत जितके शेअर तितकी मते. तिथला भाव आजच्या नफ्यापेक्षा उद्याच्या अपेक्षेवर ठरतो. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि साखर कंपन्यांचे शेअर घसरले. गाळप सुरूच होते, गोदामातली साखरही तेवढीच होती; बदलला तो पुढच्या उत्पन्नाचा अंदाज. आठवड्याभरात बंदी काहीशी सैल झाली.

सहकारी कारखान्यालाही तो निर्णय लागू होता, पण तिथे भाव दाखवणारा पडदाच नाही. फटका उशिरा, ऊसबिलातून जाणवतो. म्हणून डीमॅट खाते उघडणाऱ्या इथल्या तरुणांना माझे कळकळीचे सांगणे: उसाच्या पैशातून पुन्हा साखरेचेच शेअर घेऊ नका. पाऊस किंवा धोरण फिरले, तर दोन्हीकडे एकदमच मार बसतो.