दफ्तरात ‘नहर’ का सापडत नाही?

मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधविलेली नहर ज्या छत्रपती संभाजीनगरची ओळख, त्या शहराच्या वास्तूंच्या नोंदी संगणकावर चढविल्यावर शोधात नेमका ‘नहर’ हाच शब्द सापडू नये, हे मोठे विलक्षण वाटले.

कारण असे, की मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या जुन्या मायआयसॅम साठवण-पद्धतीत मूळ मर्यादा न बदलल्यास चारांहून कमी चिन्हांचा शब्द शोधसूचीत दाखलच होत नाही. तिच्याच इनोडीबी या नव्या पद्धतीत ती मूळ मर्यादा ३ असल्याने ‘नहर’ तरते, ‘मठ’ मात्र बुडतो.

गणना बाइटांची नव्हे, चिन्हांची: यूटीएफ-८ मध्ये ‘नहर’ ९ बाइट व्यापते, तरी चिन्हे तीनच. युनिकोडात वेलांटी-मात्राही स्वतंत्र चिन्हे असल्याने ‘लेणी’ मात्र चार भरते, हा न्याय अजबच!

मर्यादा २ करून सर्व्हर पुन्हा सुरू करावा आणि सूची नव्याने बांधावी.