राखणीच्या कुत्र्याचे जुनाट आजार : आहार आणि शुश्रूषा

मळ्यातील वस्तीवर राखण करणारा कुत्रा हा शेतकऱ्याच्या संसाराचाच एक भाग असतो. उसात शिरणाऱ्या रानडुकरांची चाहूल प्रथम त्याला लागते. मेंढपाळाच्या वाड्याभोवती रात्रभर जागणारा व लांडग्याला अडविणारा तोच असतो. असे असूनही त्याच्या दुखण्याकडे मात्र सर्वांत शेवटी लक्ष जाते. गाय एक वेळ चारा सोडते तेव्हा दवाखान्याकडे माणूस धावतो. कुत्रा महिनाभर वाळत गेला तरी ‘म्हातारा झाला’ एवढेच म्हटले जाते. पुढे तो अगदीच निरुपयोगी वाटू लागला, की बाजाराच्या गावी किंवा सडकेच्या कडेला सोडून देण्याचेही प्रकार घडतात.

वास्तविक, ज्याला म्हातारपण समजले जाते तो पुष्कळदा जुनाट आजार असतो. असे सर्वच आजार पूर्णपणे बरे होत नाहीत हे खरे. परंतु त्यांपैकी अनेक आटोक्यात ठेवता येतात आणि जनावराचे उरलेले आयुष्य सुखाचे करता येते. यासाठी एखादे इंजेक्शन पुरत नाही. रोगाचे निदान, औषध, आहार, पाणी, निवारा व रोजचे निरीक्षण या सर्वांची सांगड घालावी लागते. हीच सर्वांगीण शुश्रूषा होय. तिचा पहिला नियम असा, की आहार रोग पाहून ठरवावा. केवळ माया म्हणून किंवा रिवाज म्हणून नव्हे.

आजार कसा ओळखावा

जुनाट आजार एका दिवसात दिसत नाही. यास्तव काही साध्या नोंदी ठेवणे अगत्याचे आहे. त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी आहे.

पहिली नोंद वजनाची. धान्य मोजण्याच्या काट्यावर मालकाने प्रथम एकट्याने उभे राहावे व नंतर कुत्र्यास उचलून घेऊन उभे राहावे. दोन्ही वजनांतील फरक हे कुत्र्याचे वजन होय. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी हे करावे.

दुसरी नोंद पाण्याची. निरोगी कुत्रा दिवसाकाठी दर किलो वजनास सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी घेतो. उन्हाळ्यात व कामाच्या दिवसांत हे प्रमाण वाढते. तथापि २० किलो वजनाचा कुत्रा रोज दोन लिटरांहून अधिक पाणी पिऊ लागला, तर ते दुखण्याचे लक्षण समजावे. सकाळी मोजून पाणी ठेवावे व दुसऱ्या दिवशी उरलेले मोजावे. त्या दिवशी दुसरे जनावर त्या भांड्यात तोंड घालणार नाही असे पाहावे.

तिसरी नोंद हिरड्यांच्या रंगाची. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. त्या पांढुरक्या दिसल्यास रक्त कमी झाले आहे असे समजावे. जन्मतःच काळ्या हिरड्या असलेल्या कुत्र्याच्या खालच्या पापणीची आतील बाजू पाहावी. यांशिवाय भूक, शौच, लघवी, उलटी व खोकला यांतील बदलही लिहून ठेवावेत. ही नोंद दवाखान्यात नेल्यास डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते.

मूत्रपिंडाचा विकार

वयस्क कुत्रा वारंवार पाणी पितो, पुष्कळ व पातळ रंगाची लघवी करतो, वाळतो, अधूनमधून उलटी करतो व त्याच्या तोंडास दुर्गंधी येते, असे दिसल्यास मूत्रपिंडांचा विकार संभवतो. मूत्रपिंडांची सुमारे दोन-तृतीयांश शक्ती गेल्यावरच लघवी घट्ट करण्याची क्षमता मंदावते. म्हणून लक्षणे दिसतात तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. रक्त व लघवी यांची तपासणी करून घेतल्याखेरीज निदान पक्के होत नाही, कारण मधुमेहातही अशीच तहान लागते. कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी फार पाणी पिऊ लागली व मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. अशा वेळी एक दिवसही वाट पाहू नये.

या विकारात काही लोक लघवी कमी व्हावी म्हणून पाणी तोडतात. ही घातक चूक आहे. मूत्रपिंडे पाणी राखू शकत नाहीत, म्हणूनच कुत्रा पाणी पितो. त्याच्याजवळ स्वच्छ पाणी रात्रंदिवस असलेच पाहिजे.

आहारात स्फुरद व मीठ कमी करावे लागते. स्फुरद हे पिकाच्या खतातील अन्नद्रव्य म्हणून शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. तेच हाडांत, काळजात व इतर अवयवांच्या मांसात भरपूर असते. दुर्बल मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही आणि रोग वाढतो. म्हणून अशा कुत्र्यास हाडे, हाडांची पूड व काळीज देऊ नये. ज्वारी-बाजरीच्या मानाने सडलेल्या तांदळात स्फुरद कमी असते. म्हणून भाकरीऐवजी भात बरा. प्रथिने अजिबात बंद करू नयेत, नाहीतर अंगावरचे मांस झडते. ती माफक व उत्तम प्रतीची असावीत. अंड्याचा पांढरा बलक यासाठी सोयीचा आहे, कारण त्यात चांगली प्रथिने असून स्फुरद फार थोडे असते.

२० किलो वजनाच्या, विश्रांती घेत असलेल्या कुत्र्यास दिवसाला सुमारे ६५० ते ७०० किलोकॅलरी उष्मांक लागतात. शिजविलेला मऊ भात ३५० ग्रॅम, एक संपूर्ण अंडे, दोन अंड्यांचा पांढरा बलक व दोन चहाचे चमचे तेल किंवा तूप यांतून जवळजवळ तेवढे मिळतात. अंडी उकडून द्यावीत. हे अन्न बिनमिठाचे असावे व तीन-चार वेळा विभागून, किंचित कोमट करून द्यावे. कोमट अन्नाचा वास येऊन मंदावलेली भूक जागी होते. हा आहार सुरुवातीपुरता समजावा. तो कायम ठेवावयाचा असल्यास कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांची भर किती घालावी हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

गोचीड ताप

दुसरा नेहमी आढळणारा जुनाट आजार गोचिडीपासून होतो. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड रक्त शोषताना एर्लिकिया नावाचे सूक्ष्म जंतू त्याच्या रक्तात सोडते. प्रथम ताप येतो व जातो. पुढे महिनोन्‌महिने काही दिसत नाही. नंतर कुत्रा वाळतो, हिरड्या पांढऱ्या पडतात व एखादे दिवशी नाकातून रक्त येते.

या रोगावर डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन हे औषध सुमारे २८ दिवस देतात. चार-पाच दिवसांतच कुत्रा हिंडू-फिरू लागतो आणि मालक औषध बंद करतो. येथेच घात होतो. दबलेला रोग पुन्हा उसळतो. दिनदर्शिकेवर रोज खूण करून औषध शेवटच्या दिवसापर्यंत द्यावे. गोळी दुधातून देऊ नये, कारण दुधातील कॅल्शियममुळे तिचा गुण कमी होतो. ती अन्नाच्या घासात द्यावी व वरून पाणी पाजावे.

या रोगातून उठणाऱ्या कुत्र्यास रक्त भरून येण्यासाठी अंडी, शिजविलेले मांस व थोडे काळीज उपयोगी पडते. वर मूत्रपिंडाच्या विकारात वर्ज्य सांगितलेले काळीज येथे हितकारक ठरते, हे ध्यानात घ्यावे. मात्र जुनाट गोचीड तापात मूत्रपिंडांसही इजा होऊ शकते. म्हणून तपासणीअगोदर आपल्या मनाने आहार ठरवू नये.

गोचिडी केवळ कुत्र्याच्या अंगावर नसतात. तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतेक काळ भिंतीच्या फटींत, उंबऱ्याखाली व कौलांच्या आढ्यात काढते, आणि एक मादी काही हजार अंडी घालते. तेव्हा फटी गिलाव्याने बुजवाव्यात, गोणपाट दर आठवड्यास कडक उन्हात टाकावे व कुत्र्याची जागा झाडून कचरा जाळावा. पिकावर फवारावयाचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर कदापि लावू नये. गोचीडनाशक डॉक्टरांनी सांगितलेले व सांगितल्या प्रमाणातच वापरावे.

खरूज व गावठी उपाय

केस झडून कातडी जाड होणे व अखंड खाज सुटणे ही खरजेची लक्षणे होत. खरजेचा एक प्रकार संसर्गजन्य असून घरातील माणसांनाही त्याने खाज सुटते. खेडोपाडी यावर इंजिनाचे जळके ऑइल किंवा रॉकेल लावतात. कुत्रा अंग चाटतो व ते विष पोटात जाते. शिवाय कातडीतूनही शोषले जाते. हा उपाय पूर्णपणे सोडून द्यावा. खरजेवर गुणकारी औषधे दवाखान्यात मिळतात.

गावठी उपाय सर्वच टाकाऊ आहेत असे नव्हे. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने कातडी धुतल्यास स्वच्छता राहते व खाज थोडी शमते. परंतु हे औषधास पूरक आहे, पर्याय नव्हे. पोटात द्यावयाची कोणतीही मुळी वा काढा डॉक्टरांना सांगितल्याशिवाय देऊ नये, कारण आजारी मूत्रपिंडांवर व यकृतावर त्याचा भार पडतो.

ताटातील अपायकारक पदार्थ

घरातील उरलेसुरले अन्न कुत्र्यास घालणे हा आपल्याकडील रिवाज आहे. आजारी कुत्र्याच्या बाबतीत तो तपासून पाहावयास हवा. कांदा व लसूण यांनी कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. कालवणातून रोज थोडेथोडे गेले तरी अपाय साठत जातो. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागांत राखण करणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. द्राक्षे व बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे अकस्मात निकामी होऊ शकतात. द्राक्षातील टार्टारिक आम्ल हे त्याचे संभाव्य कारण असल्याचे २०२१ मध्ये पुढे आले. हेच आम्ल चिंचेतही असते. म्हणून गळलेले मणी वेचून टाकावेत, बेदाण्याच्या शेडजवळ कुत्रा मोकळा सोडू नये, व चिंचेची आमटी त्यास घालू नये. दुधाने पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना हगवण लागते; लागत असल्यास ते बंद करावे.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचेही असेच आहे. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यास कळवळून कोणी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल देतो. पहिल्या दोन गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडू शकतात व मूत्रपिंडे बिघडतात. तिसरीने यकृतास इजा होऊ शकते. अशा कुत्र्यास मऊ व कोरडे अंथरूण, वाऱ्यापासून आडोसा, रोज थोडी सावकाश चाल व वाढलेले वजन उतरविणे यांनी पुष्कळ आराम पडतो. औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे.

माणसांची काळजी

शुश्रूषा करणाऱ्याने स्वतःसही जपले पाहिजे. कोकणात व इतरत्र पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदरांच्या व इतर बाधित जनावरांच्या लघवीतून पसरतो आणि तो कुत्र्याची मूत्रपिंडेही बिघडवितो. म्हणून आजारी कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नये. हातमोजे घालावेत व नंतर साबणाने हात धुवावेत. हातापायाला जखम असणाऱ्याने हे काम करू नये.

त्याहून गंभीर इशारा असा. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत असेल, लाळ गळत असेल व त्यास गिळता येत नसेल, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नये. तो पिसाळल्याचा प्रकार असू शकतो. कुत्रा दूर ठेवून तत्काळ दवाखान्यास कळवावे. चावा बसल्यास किंवा जखमेस लाळ लागल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लस कुत्र्यास नियमितपणे टोचून घ्यावी. तो आजारी असल्यास केव्हा टोचावी हे डॉक्टरांना विचारावे, पण परस्पर टाळू नये.

शेवटचा विचार

सर्व उपाय करूनही एक वेळ अशी येते, की कुत्रा अन्न घेत नाही, उठत नाही व वेदनेने कण्हत राहतो. अशा वेळी त्यास दूर नेऊन सोडणे ही दया नव्हे. तो उपाशी मरतो आणि रोगही पसरू शकतो. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बरे होण्याची आशा उरली नसेल, तर वेदनारहित मरण देण्याचा मार्ग पशुवैद्यकाकडे असतो. मृत शरीर विहीर व ओढा यांपासून दूर, खोल खड्ड्यात पुरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वस्तीवर जाताना गाई-म्हशींबरोबर दारातील कुत्र्याकडेही नजर टाकावी. तो किती पाणी पितो, त्याचे अंग झडले आहे काय, मागील औषध पुरे केले काय, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ रोग वेळीच उघडकीस येतील. ज्याने वर्षानुवर्षे धन्याची झोप राखली, त्याच्या दुखण्यात मोजून ठेवलेले दोन लिटर पाणी व बिनमिठाचा मऊ भात एवढे तरी त्यास मिळावे, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या हाती आहे.