उपेक्षित धामण

सकाळचे ऊन जरासे तापू लागले की शेताच्या बांधावरील दगडांच्या फटीतून, विहिरीच्या काठच्या झुडपांखालून अथवा कडब्याच्या गंजीच्या आडोशातून जो लांबलचक, पिवळसर तपकिरी साप बाहेर पडतो, आणि माणसाची चाहूल लागताच डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दिसेनासा होतो, तो बहुधा धामण असतो. कोकणच्या किनाऱ्यापासून विदर्भाच्या रानापर्यंत, आणि महाराष्ट्राबाहेर पाहिले तर पश्चिमेस अफगाणिस्तानापासून पूर्वेस जावा बेटापर्यंत या प्राण्याचा मुलूख पसरलेला आहे. नित्य दृष्टीस पडणाऱ्या वस्तूकडे नीट पाहण्याचे कष्ट आपण सहसा घेत नाही, त्यामुळे निरुपद्रवी सापांमध्ये हा एवढा मोठा, देखणा आणि उपकारक साप असूनही त्याच्याविषयी आपल्याकडे जिज्ञासेपेक्षा तिटकाराच अधिक आढळतो, याचे मला फार वाईट वाटते.

लिनियस या स्वीडिश पंडिताने 1758 साली प्राणिसृष्टीची जी शास्त्रीय नोंद केली, तिच्यात धामणीचा समावेश होता. म्हणजे शास्त्राच्या दप्तरी हा प्राणी अडीचशे वर्षांहून अधिक काळ आहे. पूर्ण वाढलेली धामण साधारणतः पाच ते सात फूट भरते, क्वचित त्याहूनही बरीच मोठी सापडते, आणि नर हा मादीहून मोठा असतो. रंग मात्र एकच एक नसतो. पिवळा, शेवाळी, तपकिरी, कधी जवळजवळ काळा, अशा अनेक छटांत ती दिसते आणि म्हणूनच ओळखण्यात लोकांची गफलत होते. तेव्हा रंगावर विसंबू नये. वरच्या व खालच्या ओठांच्या खवल्यांना काळी किनार असते, त्यामुळे चेहऱ्यावर उभ्या काळ्या रेघा ओढल्यासारख्या भासतात. डोळा मोठा आणि बाहुली गोल असते. अंगाच्या मागील भागावर व शेपटीवर काळसर आडव्या पट्ट्यांची जाळी उमटलेली असते. आणि डोके मानेहून स्पष्टपणे वेगळे दिसते. दिवसा वावरणाऱ्या व दृष्टीच्या बळावर शिकार करणाऱ्या या प्राण्याच्या डोळ्यांत जी सावध जाग असते, ती एकदा शांतपणे न्याहाळणाऱ्याला साप हा मंद व जड प्राणी आहे असे पुन्हा म्हणवणार नाही.

तिच्यावर लोकांनी ठेवलेले आरोप मात्र विलक्षण आहेत. धामण ही नागाची मादी होय, ती गाईच्या मागील पायांना विळखा घालून तिचे दूध पिते, तिच्या शेपटीत विष असते आणि शेपटीचा फटका बसलेला अवयव झडून जातो, अशा जबान्या आजही गावोगाव ऐकू येतात. यांपैकी एकही खरी नाही. नागाला स्वतःची मादी असते, आणि नाग व धामण ही दोन वेगळ्या कुळांतील जनावरे असल्याने त्यांचा संकर संभवत नाही. सापाला चोखता येतील असे मऊ ओठ नसतात, आणि त्याचे आत वळलेले अणकुचीदार दात आचळाला लागले तर कोणतीही गाय क्षणभरही स्वस्थ उभी राहणार नाही. गोठ्यात धामण येते ती पेंडीवर आणि वैरणीत माजलेल्या उंदरांसाठी. शेपटी तर निव्वळ शेपटीच असते.

नाग-धामणीच्या मीलनाचा समज ज्या दृश्यामुळे दृढ झाला, ते दृश्य मात्र खरोखर पाहण्याजोगे आहे. विणीच्या काळात दोन धामणी शरीराचा पुढचा भाग उंच उभारून एकमेकींना पीळ घालतात, पडतात, पुन्हा उठतात, आणि हा प्रकार बराच वेळ चालू राहतो. पाहणारे त्यास सापांचे जुगणे समजतात, आणि त्यांच्यावर कोरे वस्त्र टाकून ते घरात जपून ठेवले असता भरभराट होते, अशी श्रद्धाही आहे. वस्तुतः ते दोन्ही नर असतात, आणि तो प्रणय नसून वर्चस्वाचा झगडा असतो. प्रतिस्पर्ध्याचे डोके जमिनीला टेकवणे एवढेच त्याचे साध्य असते, आणि सहसा दंश न करता, रक्त न सांडता हा कज्जा निकालात निघून पराभूत नर आपली वाट धरतो. बळाचा इतका संयमी उपयोग करणाऱ्या प्राण्याला आपण क्रूर कसे म्हणावे?

कोंडीत सापडली असता धामण प्रतिकार करते, हे नाकारता येत नाही. ती मान उभ्या दिशेने फुगवते, घशातून घुमणारा गुरगुराट करते आणि जोराने चावते. त्या चाव्याने रक्त येते, परंतु विषबाधा होत नाही. तथापि साप कोणता होता याविषयी तिळमात्रही संशय असल्यास तत्काळ दवाखाना गाठावा, कारण गडबडीत केलेली ओळख पुष्कळदा चुकीची ठरते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते तिचे खाणे. बेडूक, सरडे, पक्षी, वटवाघळे हे तिला चालतात. परंतु उंदरांच्या बाबतीत तिची योग्यता विशेष आहे. घुबड व मांजर उंदराला बाहेर गाठतात. धामण त्याच्या बिळात शिरते, आणि आतल्या आत पिलांसकट सारा संसार आटोपते. अजगराप्रमाणे आवळून मारण्याची तिची रीत नव्हे. भक्ष्य शरीराच्या भाराने दाबून धरायचे आणि जिवंतच गिळायचे, ही तिची पद्धत. ज्या उंदराची मादी अवघ्या तीन आठवड्यांच्या गर्भधारणेनंतर विते आणि ज्याच्या बिळात धान्याच्या लोंब्यांचे साठे सापडतात, त्याच्या बंदोबस्तासाठी याहून योग्य चाकर निसर्गाने दुसरा क्वचितच नेमला असेल. 1896 साली मुंबईत उद्भवलेल्या प्लेगने उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू यांची ओळख आपल्याला फार मोठे मोल घेऊन करून दिली. त्या साथीतून उभ्या राहिलेल्या हाफकिन संस्थेतच पुढे सापांचाही अभ्यास झाला, आणि तेथील डॉ. देवरस यांचे भारतीय सापांवरील इंग्रजी पुस्तक 1965 साली नॅशनल बुक ट्रस्टने सामान्य वाचकांसाठी काढले, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

धामणीबरोबर तस्कराचाही उल्लेख केला पाहिजे. हा सडपातळ, तपकिरी साप मानेजवळच्या काळ्या रेघांनी व शरीराच्या मागील भागातील गडद पट्ट्यांनी ओळखू येतो. हाही बिनविषारी व उंदरांचा वैरी. मात्र तो संध्याकाळनंतर फिरतो, भक्ष्य विळख्यात आवळून मारतो, आणि घराच्या अडगळीत सापडला की विषारी समजून हकनाक प्राणास मुकतो.

बंदिवासातील धामणीविषयी माझे मत काहीसे कठोर आहे. सतत हिंडणारा, चपळ आणि बुजरा असा हा प्राणी अरुंद पेटीत ठेवला तर काचेवर वा जाळीवर तोंड घासून घेतो, नाकाडावर जखमा करून घेतो, आणि अनेकदा अन्नही टाकतो. पुण्याच्या कात्रज येथे नीलिमकुमार खैरे यांच्या प्रयत्नांतून 1986 साली उभे राहिलेले सर्पोद्यान किंवा तत्सम अधिकृत संस्था यांचे स्थान वेगळे आहे. तेथे चढण्यास फांद्या, लपण्यास आडोसा, पोहण्यास पाणी आणि शेकण्यास ऊन अशी तजवीज असलेल्या प्रशस्त आवारात धामण पाहिली म्हणजे तिच्या हालचालींचे खरे सौष्ठव कळते. प्रेक्षक नागाच्या फण्यासमोर गर्दी करून तिच्यावरून नजर फिरवून निघून जातात, ही खंत मात्र तेथेही उरतेच. खाजगी हौसेखातर ती पाळण्याची मुभा कोणालाही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पकडणे, मारणे वा बाळगणे हा गुन्हा ठरवला आहे. हा कायदा होण्यापूर्वी कातड्याच्या व्यापारासाठी अगणित धामणींची कत्तल होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची आवश्यकता पटते.

नांगरताना किंवा जुनी गंजी हलवताना तिची पांढरी, चिवट कवचाची अंडी सापडली, तर ती उलटीपालटी न करता, जशी होती तशीच मातीने झाकून ठेवावीत, कारण आतील गर्भ कवचाच्या एका बाजूला चिकटलेला असतो आणि अंडे फिरवल्याने तो दगावतो. मादी कित्येकदा अंड्यांजवळच वेटोळे करून असते. तिला काठीने न हुसकता त्या तुकड्यातील काम काही आठवडे तहकूब ठेवावे, हे उत्तम. सुमारे दोन महिन्यांनी फूटभर किंवा त्याहून थोडी लांब पिले बाहेर पडतात, आणि आईच्या मदतीवाचून लहान बेडकांवर निर्वाह करू लागतात.