विश्लेषण : केंट स्टेटच्या पोलादी शिल्पातील भोक काय सांगते?

अमेरिकेतील ओहायो राज्यात केंट स्टेट विद्यापीठ आहे. तेथील टेलर हॉल या इमारतीजवळ गंजाच्या रंगाचे एक अमूर्त पोलादी शिल्प उघड्यावर उभे आहे. त्याच्या एका पत्र्याला आरपार भोक आहे. ते शिल्पकाराने पाडलेले नाही, ते बंदुकीच्या गोळीचे आहे.

शिल्प कोणाचे?

‘सोलर टोटेम क्र. १’ हे शिल्प डॉन ड्रम यांनी १९६७ मध्ये घडवले. त्यासाठी कॉर-टेन पोलाद वापरले आहे. या पोलादात तांबे, क्रोमियम यांसारखे धातू अल्प प्रमाणात असतात. त्यामुळे वर धरलेला गंजाचा थर घट्ट बसतो आणि आतला धातू झिजण्यापासून वाचतो. रंग न लावताही ते पाऊस-बर्फात टिकते.

भोक कसे पडले?

३० एप्रिल १९७० रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कंबोडियातील लष्करी कारवाईची घोषणा केली आणि विद्यापीठांत निदर्शने पेटली. ४ मे रोजी केंट स्टेटमध्ये ओहायो नॅशनल गार्डच्या जवानांनी १३ सेकंदांत ६० हून अधिक गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार झाले, नऊ जखमी झाले. मृतांपैकी सँड्रा शॉयर निदर्शनांत नव्हती, ती तासाला निघाली होती. एक गोळी या शिल्पाच्या पत्र्यातून पार झाली.

जबाबदारी ठरली का?

जवानांवर आधी कुणीतरी लपून गोळी झाडली, असा दावा झाला. अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाला त्याचा पुरावा मिळाला नाही. हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य असल्याचा निष्कर्ष आयोगाने काढला. तरीही आठ जवानांवरील फौजदारी खटला १९७४ मध्ये न्यायालयाने रद्द केला. १९७९ मध्ये दिवाणी दाव्यात तडजोड झाली. जखमींना व मृतांच्या कुटुंबांना मिळून ६ लाख ७५ हजार डॉलर आणि खेद व्यक्त करणारे निवेदन मिळाले. त्यात माफी नव्हती.

मग स्मारक?

१९७८ मध्ये जॉर्ज सीगल यांनी मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहमचे शिल्प या घटनेच्या स्मृत्यर्थ घडवले. विद्यापीठाने ते नाकारले. आज ते प्रिन्स्टन विद्यापीठात आहे. केंट स्टेटमध्ये स्मारक व्हायला १९९० उजाडले. २०१६ मध्ये हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला. तोवर त्या दिवसाची डोळ्यांना दिसणारी खूण ज्या शिल्पाने जपली, ते मुळात स्मारक म्हणून घडवलेलेच नव्हते.